भिंतीवर टांगलेला डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. खरे सांगायचे तर आता अर्धाच उरलो आहे. पण अर्ध्याजवळही सांगण्यासारखे पुष्कळ असते, तेव्हा जरा बसा.

डोंगा म्हणजे होडीच, पण फळ्या ठोकून केलेली नव्हे. एका झाडाचे एकच खोड घ्यायचे आणि ते आतून कोरत जायचे. ना खिळा, ना सांधा.

माझा जन्म मारझोडीतून झाला. मी देवरीच्या जंगलातला आंबा होतो. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी अशी वावटळ उठली, की तिने मला मुळांसकट उपटले. माझ्या फांद्यांतली घरटी माझ्याच अंगाखाली चिरडली. आठ दिवस मी तसाच पडून होतो. मग उदाराम आला. उदाराम ढिवर होता, तलावात जाळे टाकून मासे धरणारा. हाताने कुऱ्हाड चालवायचा आणि तोंडाने माझी माफी मागायचा. "माफ कर गा आंब्या," म्हणायचा आणि पुढचा घाव आणखी जोरात घालायचा.

दोन बैलजोड्या लावून त्याने मला आमगावच्या बाजूला पिंपळटोल्याला आणले. तिथे तलावाच्या काठावर अकरा दिवस माझे पोट फाडण्याचे काम चालले. गोवऱ्यांचा विस्तव माझ्या आत भरायचा, लाकूड जळून कोळसा झाले की वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासायचे, पुन्हा विस्तव भरायचा. मी झाड असताना पानांनी बोलायचो. आता पाने नव्हती, म्हणून नुसता तडतडत होतो. उदारामची मुलगी धुरपता तेव्हा चौदा वर्षांची होती. ती विस्तवाला वारा घालत बसायची आणि बाईमाणसे जात्यावर म्हणतात तसे काहीतरी स्वतःच जुळवून म्हणायची.

आंबा पडला वनात, वनानं मारली हाक,
डोंगा झाला तराचा, त्याले पान्यातच राख.

तरा म्हणजे तलाव. त्या पोरीने गाण्यात जे सांगितले, ते पुढे भल्याभल्या शिकलेल्यांना उमगले नाही. त्याचीच ही गोष्ट आहे.

पिंपळटोल्याचा तलाव मोठा. कोणे एके काळी तलाव बांधण्यात नावाजलेल्या कोहळी कुळांनी माती वाहून त्याची पाळ बांधली होती. पाळ म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध. त्या तलावावर मी सात वर्षे राबलो. पहाटे जाळी, दुपारी शिंगाडे. कधी पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून, नवरी आणायची, कधी आजारी म्हातारीला वैद्याकडे न्यायचे. उदाराम माझ्या कडेवर वल्हे आपटून ताल धरायचा. धुरपता त्याच्यासारखेच वल्हे मारायला शिकली. पुढे ती लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत कुंकू पुसून परत आली. तेव्हाही ती आधी माझ्यात येऊन बसली, मग घरात गेली.

मासेमारीचा हंगाम सरला, की उदाराम मला दगडांनी भरायचा आणि काठाजवळ बुडवून टाकायचा. पहिल्यांदा त्याने असे केले तेव्हा मला वाटले, झाले, हा माणूस आता माझा जीव घेतो. पण पाण्याखाली माझे अंग थंड झाले. उन्हाने उघडलेल्या बारीक भेगा फुगून मिटल्या. गाळाने मला आईसारखे धरून ठेवले. मग कळले, की डोंगा बुडवून ठेवतात तो जगावा म्हणून. लाकूड पाण्यात सडत नाही, वाऱ्या-उन्हात तडकते. आमच्याकडच्या कोणत्याही ढिवराच्या पोराला हे ठाऊक असते.

सन चोपन्नमध्ये तलावाच्या खालच्या अंगाला कॉलेज निघाले. आमचा मुलूख भंडारा जिल्ह्याच्या टोकाचा आणि कॉलेज म्हणजे लोकांना देवळासारखे वाटे. जागा दानात मिळालेली, ती अशी उतारावर. वरच्या टेकाडावर दगडी इमारत झाली. खाली सखल भागात मुलांचे वसतिगृह आणि त्याची खानावळ उभी राहिली, मातीच्या भिंती आणि कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, छप्पर. धुरपताला त्या खानावळीत भात रांधायचे काम मिळाले. तलावाचे पाणी शेतांना वाटून देणारा पाणकर शालीकराम एकदा कुदळ खांद्यावर टाकून आला, इमारतीकडे पाहिले आणि म्हणाला, "वरच्या वर्गात पोट्टे शिकतीन अन् तराच्या पायाशी झोपतीन. हे उलटं नाही झालं का?" ऐकणारे हसले. तो तरी काय करणार, कुदळ घेऊन परत गेला.

दुसऱ्याच वर्षी नाल्याला पूर आला आणि कॉलेजची दोन मुले बाभळीवर अडकली. उदाराम मला घेऊन गेला आणि दोघांना उतरवून आणले. मोठा सत्कार झाला. शाल, नारळ, हार, भाषणे. नागपूरहून आलेले प्राचार्य साहेब चांगल्या मनाचे होते. ते म्हणाले, "उदारामजी, कॉलेजात आम्ही संकट निवारण समिती काढतो आहोत. हा डोंगा आम्हाला द्या. पुन्हा कधी वेळ आली तर तयार असेल."

उदारामने माझ्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "न्या साहेब. लेकरायच्या कामी येईन. माह्यापाशी जुना डोंगा हाय अजून एक. पण याले पान्यात ठेवा बरं."

"अहो, पाण्यात सडेल ना! आम्ही याची नीट काळजी घेऊ."

आणि मित्रांनो, त्यांनी खरोखरच काळजी घेतली. तिनेच माझा घात केला.

दगडी इमारतीच्या पश्चिमेच्या व्हरांड्यात दोन लोखंडी कंस ठोकून मला त्यावर टांगले. अंगाला लाल-पांढरा तेलरंग दिला आणि पोटावर ठळक अक्षरांत लिहिले : 'संकटकालीन नौका'. चोरी होऊ नये म्हणून साखळी आणि कुलूप लावले. माझ्या खाली वाळूच्या आठ बादल्या मांडल्या. त्या वाळूत पोरे पान थुंकत. पंधरा ऑगस्टला मला हार पडायचा. विद्यापीठाचे तपासणीस आले, की प्राचार्य साहेब त्यांना आधी माझ्यापाशी आणायचे. ते मान डोलवायचे, वहीत काहीतरी लिहायचे.

चपराशी बकाराम मला रोज घासलेटाच्या फडक्याने पुसायचा. पुसता पुसता बोलायचा, "साहेब, याले जेवढं पुसून राहिलो ना, तेवढं माह्या बायकोचं तोंडबी नाही पाहलं."

"म्हणूनच ती तुमच्यावर नाराज असते," साहेब हसून म्हणायचे.

हसणे ऐकायला गोड वाटे. पण चारच्या उन्हात माझे अंग तापायचे आणि आतून कट कट आवाज यायचे. तीन उन्हाळे मी त्या भिंतीवर काढले. उदाराम खानावळीत मासे द्यायला यायचा, तेव्हा व्हरांड्यात थांबायचा, माझ्या अंगावर बोटांच्या पेरांनी टकटक करायचा आणि तोंड वाकडे करायचा.

"साहेब, हा सुकून राहिला."

"अहो, परवाच रंग दिलाय."

"रंग पिऊन लाकूड जगत नाही, साहेब."

साहेबांना ते वाक्य आवडले. त्यांनी ते एका भाषणातही वापरले. मला मात्र खाली उतरवले नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या तळाला नाकापासून शेपटीपर्यंत भेग गेली. बकारामने ती पाहिली. तपासणीस चार दिवसांवर आले होते. त्याने साहेबांना दाखवली आणि विचारले, "उदारामले बोलावू का?"

साहेब घाईत होते. म्हणाले, "आत्ता कशाला? लुकण भर आणि वरून रंग मार. दिसणार नाही."

बकारामने खडूची भुकटी आणि तेल मळून लुकण केले, भेगेत ठासून भरले आणि वरून रंगाचे दोन हात दिले. भेग दिसेनाशी झाली. मी ओरडून सांगितले असते, पण भिंतीवरच्या वस्तूला तोंड नसते.

अठ्ठावन्न सालचा पोळा झाला आणि पाऊस बसला. चार दिवस, चार रात्री थांबला नाही. पाचव्या दिवशी सकाळी शालीकराम चिखलाने माखून धावत आला. त्याचा आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला. "साहेब, पाळीतून गढूळ पानी येऊन राहिलं. निवळ येतं तवा भेव नाही, पन गढूळ आलं म्हंजे पाळ आतून खचली. खालची पोरं वर घ्या. आत्ताच्या आत्ता!"

साहेबांचा चेहरा उतरला. ते उठलेही. पण समित्यांची सवय वाईट असते. ते म्हणाले, "समितीला बोलावतो. चिटणीस कुठे आहेत? भोंगा कोणाकडे आहे?"

भोंगा कपाटात होता. त्याचे फिरवायचे हँडल सापडेना. एक शिक्षक म्हणाला, आधी यादी काढू. दुसरा म्हणाला, घंटा वाजवली तर मुले जेवणाची घंटा समजतील. शालीकरामने कपाळावर हात मारला, "अरे बापा, तुमी सल्ला करून राहिले अन् तिकडे तरा उठून चाल्लं!" आणि तो स्वतःच उतारावरून ओरडत पळत सुटला. त्याच्या ओरडण्याने वसतिगृहातली बहुतेक मुले पुस्तके, पेट्या टाकून वर धावली. म्हणूनच त्या दिवशी प्रेतांची रांग लागली नाही.

पण खानावळीत पहिली पंगत बसली होती. छपरावर पावसाचा इतका कल्ला होता, की कोणालाच काही ऐकू आले नाही.

मग पाळ फुटली. तो आवाज मी कधी विसरणार नाही. वावटळीने मला उपटले तेव्हाचा आवाज त्याच्यापुढे काहीच नव्हता. आधी खोल गुरगुर झाली, जणू जमिनीच्या पोटात कोणी शिळा ओढत आहे. मग पाणी उभे राहिले. तपकिरी, फेसाळ, झाडांसकट, गुरांसकट. वसतिगृहाची पूर्वेची भिंत ताटासारखी आडवी पडली. बैलगाडी उलटीपालटी होत गेली. दावणीला बांधलेली म्हैस तोंड वर करून ओरडली, दाव्याने तिला खाली खेचले आणि पुन्हा ती दिसलीच नाही. कोंबड्यांची खुराडी, तांदळाची पोती, लाकडी खाटा एकमेकांवर आपटून फुटत होत्या. सापांची वेटोळी शेवाळासारखी वाहत होती.

खानावळ मात्र उभी राहिली, कारण तिच्यापुढे चिंचेचे मोठे झाड होते. तिच्या छपरावर सात मुले आणि धुरपता चढलेली दिसली. पाणी कमरेएवढे, मग छातीएवढे चढले. भिंती मातीच्या. पाण्यात मातीची भिंत किती वेळ टिकते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होते. टेकाडावरून कोणीतरी म्हणाले, "घंटाभर. फार तं दीड."

तेवढ्यात उदाराम आला. त्याचा दुसरा डोंगा तलावाबरोबर वाहून गेला होता. हातात एकटे वल्हे होते. त्याने छपराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"उतरवा याले!"

पण साखळी होती, कुलूप होते आणि किल्ली ठेवणारे कारकून सुट्टीवर गोंदियाला गेले होते. बकाराम कुदळ घेऊन आला आणि कुलपावर घाव घालू लागला. घाव चुकून माझ्यावर बसत होते. बकाराम रडत होता, शिव्या देत होता. सहाव्या घावाला साखळीसकट कंसच भिंतीतून निखळला आणि मी फरशीवर आदळलो. माझ्या आतून पुन्हा तोच आवाज आला, कट.

चैतराम नावाचा विद्यार्थी आणि इतर दहाबारा जणांनी मला उतारावरून पाण्यात लोटले. तीन वर्षांनी पाणी अंगाला लागले. मला सुखाने हुंदका आला असता. पण पाणी माझ्या बाहेर थांबले नाही, आत आले. लुकणाचा पहिला तुकडा सुटला. मग दुसरा.

उदारामने आत पाहिले. त्याने भेग पाहिली आणि भेगेत भरलेले पांढरे लुकणही पाहिले. तो वर उभ्या असलेल्या साहेबांकडे वळलासुद्धा नाही. फेटा सोडला, फाडला, भेगेत अंगठ्याने ठासला, वर काळी चिकणमाती थापली. म्हणाला, "दोन दिवस बुडवून ठेवला असता तं मिटला असता. दोन दिवस कोन देते?" मग चैतरामला म्हणाला, "दादा, पानी उपसता येते का? बस मंग. ते वाहून आलेली डेकची घे. मी म्हणीन तवर हात थांबवू नोको."

आम्ही निघालो. प्रवाह मला आडवा पाडू पाहत होता. एक मेलेले वासरू येऊन माझ्या नाकावर धडकले. उदाराम गुडघ्यांवर बसून वल्हे मारत होता, दात आवळून, आणि चैतराम डेकचीने सपासप पाणी बाहेर टाकत होता. चिंचेच्या आडोशाला शिरलो तेव्हा जरा हलके वाटले.

"धुरपता, उतर!" उदाराम ओरडला.

"आधी पोट्टे ने, बा."

"उतर म्हनतो ना!"

"मी उतरली तं यायले कोन उतरवीन? यायले डोंग्यात पाय कसा ठेवाचा तेबी नाही मालूम!"

ते खरे होते. तीन वर्षे माझ्याखालून रोज जाणाऱ्या त्या मुलांपैकी एकही कधी माझ्यात बसला नव्हता. पहिल्याने घाबरून थेट माझ्या कडेवर उडी टाकली आणि मी उलटता उलटता वाचलो. धुरपताने वरून दुसऱ्याची मान पकडली. "अबे, हा का पाट आहे? मधात बस! बूड टेकव आधी!" राजनांदगावकडचा एक मुलगा कवेलूंना मिठी मारून बसला होता. "दीदी, मुझे तैरना नहीं आता," तो म्हणाला. "मग तू बसून ऱ्हाय, पोहाले कोन सांगते तुले?" म्हणत तिने त्याला पोत्यासारखे खाली सोडले. त्या गोंधळातही एकजण हसला. भीतीने माणूस असाही हसतो.

पहिल्या खेपेला चार आणले. दुसऱ्या खेपेला तीन. दुसऱ्यांदा परतताना फेट्याची चिंधी वाहून गेली आणि भेगेतून बोटभर जाड धार आत येऊ लागली. काठाला लागताच मुले चिखलात आडवी पडली. चैतरामच्या हातांना फोड येऊन फुटले होते.

"तू उतर आता," उदाराम त्याला म्हणाला.

"पाणी कोण उपसेल?"

"तुझं वजन नसलं तं पानी कमी येईन. उतर."

साहेब पुढे झाले. "उदाराम, नका जाऊ. डोंगा फुटतो आहे. काहीतरी दुसरे—"

"माही पोरगी हाय तिथं, साहेब," एवढेच तो म्हणाला.

तिसऱ्या खेपेला आम्ही दोघेच होतो, तो आणि मी. अर्ध्या वाटेवर खानावळीची मागची भिंत बसली. छप्पर एका अंगाला कलले. कवेलू धडाधड पाण्यात पडू लागले. धुरपता छपराच्या कण्याला लोंबकळत होती. उदारामने मला तिच्या खाली नेले, तिने हात सोडला आणि ती माझ्यात कोसळली. बापाने एका हाताने तिची वेणी धरली, दुसऱ्याने वल्हे मारले. ती लगेच उपसायला लागली, डेकची चैतरामकडेच राहिली होती, म्हणून ओंजळीने.

काठ वीस हात उरला होता. माणसे दोर फेकत होती. तेव्हा मागे छपराचा कणा मोडला आणि त्याचा जाड म्याल, सागाचा लांब वासा, प्रवाहात भाल्यासारखा सुटला. तो माझ्या शेपटीवर बसला.

मी फुटलो, मित्रांनो. नाकापासून शेपटीपर्यंत, ज्या रेषेवर त्यांनी रंग दिला होता त्याच रेषेवर. माझे दोन तुकडे झाले, एक मोठा, एक लहान. उदारामने मोठा तुकडा धुरपताच्या छातीखाली ढकलला. दोन्ही हातांनी ढकलला, म्हणून लहान तुकडा त्याला धरता आला नाही.

"पाय मार, धुरपता! पाय मार!"

तिने पाय मारले. मी तिला घेऊन दोरापर्यंत गेलो. वळून पाहिले तेव्हा तपकिरी पाण्यावर फक्त वल्हे होते. ते एकदा उभे राहिले आणि मग आडवे झाले.

तिसऱ्या दिवशी तो रेल्वेच्या रुळांपलीकडे धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सापडला. त्याची मूठ वळलेली होती. शालीकरामने ती उघडून पाहिली. तिच्यात काहीच नव्हते.

चौदाव्या दिवशी धुरपता कॉलेजच्या मैदानात आली. मी तिथेच चिखलात पडून होतो. तिच्या हातात बापाचीच कुऱ्हाड होती.

"काऊन फुटला?" तिने मला विचारले आणि घाव घातला. "माह्या बाले सोडून काऊन फुटला?" दुसरा घाव. मी तयार होतो. मला वाटले, हेच बरोबर आहे. तिसरा घाव भेगेच्या काठावर बसला आणि रंगाची खपली उडाली. खालून पांढरी ढेप निघाली. तिने ती नखाने कोरून हातात घेतली आणि बराच वेळ बोटांत चुरडत राहिली.

त्याच वेळी साहेब आणि बकाराम आले. साहेबांनी पुढे काय करायचे ते ठरवून आणले होते. या तुकड्याला सभागृहात काचेच्या पेटीत ठेवायचे, पितळी पाटी लावायची, उदारामचे नाव कोरायचे. ते बोलत राहिले आणि धुरपताने तळहात पुढे केला.

"हे का होय, साहेब?"

साहेब थांबले. "लुकण."

"कोनं भरलं?"

बकारामने मान खाली घातली आणि म्हणाला, "म्या भरलं, बाई." सुटका समोर होती. साहेबांना ती घेता आली असती. चपराशी गुन्हा अंगावर घेत होता, ऐकायला दुसरे कोणी नव्हते. पण ते म्हणाले, "मी सांगितले होते. भेग मला दिसली होती, धुरपताबाई. तपासणीसांना दिसू नये म्हणून भरायला सांगितली." आणि ते चिखलातच खाली बसले. पांढऱ्या धोतराची त्यांना शुद्ध राहिली नाही.

ती रडली नाही. तिने त्यांना माफही केले नाही. मला वाटते, आजही केलेले नाही.

"पेटी-बिटी नोको," ती म्हणाली. "तुमी पाहाले ठेवता. पाहून-पाहूनच माहा बा मेला. त्याचं नाव कोराचं नाही. नवा डोंगा करा. तो पान्यात राहीन. अन् हर इतवारी पोट्टेबी पान्यात राहतीन. मी शिकवीन. सगरे. तुमीबी."

"मी?" साहेबांनी विचारले. "मला पोहता येत नाही."

"मालूम हाय," धुरपता म्हणाली.

शालीकरामने आपल्या बांधावरचा आंबा दिला. वाकस धुरपतानेच धरला. पाळीची दुरुस्ती गावाने आणि कॉलेजने मिळून केली. रोज एका वर्गाने माती वाहायची, असा नेम झाला. वसतिगृह टेकाडावर नेले. आणि मला, अर्ध्या डोंग्याला, तलावाच्या काठावर पालथे घालून पायरी केले. नव्या डोंग्यात चढणारा प्रत्येकजण आधी माझ्या पाठीवर पाय ठेवतो.

पहिल्या रविवारी साहेब आले. डोळ्यांवरचा चष्मा दोरीने कानामागे बांधलेला, धोतर खोचलेले. सगळे कॉलेज काठावर जमले होते. साहेब माझ्यावर चढले, नव्या डोंग्यात पाय टाकला आणि धपकन पाण्यात पडले. पोरे खदाखदा हसली. बकाराम तर पोट धरून बसला. धुरपता हसली नाही. तिने वल्ह्याचा दांडा पुढे केला, त्यांना वर घेतले आणि म्हणाली, "परत."

ते पुन्हा पडले. "परत." नाकातोंडात पाणी गेले, ते खोकत राहिले. "परत." पाचव्या-सहाव्या वेळेनंतर पोरांचे हसू आपोआप बंद झाले. अकराव्या वेळी साहेब डोंग्यात मधोमध बसले, दोन्ही हातांनी कडा धरून. डोंगा डुलला, पण उलटला नाही. धुरपताने त्यांच्या हातात वल्हे दिले आणि पलीकडच्या काठाकडे बोट केले.

मित्रांनो, सन साठ उजाडले आहे. माझ्या पाठीवर पावलांनी खळगे पडले आहेत आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. तुमच्या शाळेत, घरात, गावात संकटाच्या वेळेसाठी म्हणून जे काही ठेवलेले असेल, दोर असो, शिडी असो, बादली असो, ते आज जाऊन हातात घेऊन पाहा. त्याला चमकवू नका, वापरा. ते मोडके असेल तर झाकू नका, ज्याला त्यातले कळते त्याला बोलवा, आणि तो फाटक्या धोतराचा असला तरी त्याचे ऐका. मला तीन वर्षे रोज पुसले गेले. त्यापेक्षा एक दिवस कोणी माझ्यात बसून पाहिले असते, तर एका मुलीचा बाप आज तलावावर जाळे टाकत असता.

आणि कधी इकडे आलात, तर रविवारी सकाळी पिंपळटोल्याच्या तलावावर या. वेळेवर या मात्र. उशिरा येणाऱ्याला धुरपता सगळ्यांत आधी पाण्यात ढकलते.